टॅक्सींतील डोळा आणि टॅक्सींतील कान

परक्या माणसाच्या गाडींत एकटें बसणें ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तींत कांहीं विशेष आहे असें कोणास वाटत नाहीं. रात्रीं अकराच्या सुमारास एखादी स्त्री स्टेशनाबाहेर येते, उभ्या असलेल्या टॅक्सींत बसते, पत्ता सांगते, आणि दरवाजा लागतो. त्यानंतरचीं वीस मिनिटें दोन अनोळखी माणसें एका लहानशा बंद जागेंत असतात. उतारूस वाटतें कीं, हा मनुष्य भलत्याच रस्त्यानें तर नेणार नाहीं ना; चालकास वाटतें कीं, मागें बसलेला मनुष्य भाडें न देतां पळून तर जाणार नाहीं ना, किंवा मागून मानेस सुरी तर लावणार नाहीं ना. भीति दोन्ही आसनांवर बसलेली असते. अशा जागेंत तिसरा कोणी साक्षीदार असावा, ही इच्छा साहजिक आहे. गेल्या कांहीं वर्षांत इंग्लंडमधील अनेक नगरसंस्थांनीं असा साक्षीदार कॅमेऱ्याच्या रूपानें गाडींत आणून बसविला. त्यानें काय पाहावें, काय ऐकावें आणि पाहिलेलें-ऐकलेलें कोणास सांगावें, यावरून तेथें जो वाद झाला, तो दिसावयास टॅक्सीपुरता आहे. परंतु नागरिकाच्या रक्षणासाठीं सत्तेनें त्याच्या किती जवळ यावें, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत आहे.

भाड्याच्या गाड्यांवर सरकारची देखरेख असावी ही कल्पना इंग्लंडांत फार जुनी आहे. लंडनमधील भाड्याच्या घोडागाड्यांना हॅकनी कोच म्हणत. क्रॉमवेलच्या अमदानींत, १६५४ सालीं, या गाडीवाल्यांसंबंधीं वटहुकूम निघून त्यांच्या संख्येस व वर्तनास निर्बंध घालण्यांत आले. १६६२ सालीं चारशें गाड्यांनाच परवाने द्यावेत अशी मर्यादा ठरली. लंडनबाहेरील शहरांसाठीं १८४७ सालीं टाउन पोलीस क्लॉजेस ॲक्ट नांवाचा कायदा झाला. पुढें घोडे गेले आणि मोटारी आल्या, तरी तो कायदा अद्याप जिवंत आहे, आणि रस्त्यांत हात दाखवून थांबवितां येणारी टॅक्सी कायद्याच्या भाषेंत आजहि हॅकनी कॅरेजच आहे. दुसरा प्रकार आधीं निरोप देऊन मागवावयाच्या खासगी भाड्याच्या गाड्यांचा. लंडनबाहेरील नगरसंस्थांस या गाड्यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार १९७६ च्या स्थानिक कारभारविषयक कायद्यानें मिळाला.

मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांसाठीं येथें एक खुलासा करणें जरूर आहे. महाराष्ट्रांत टॅक्सीचा परवाना महानगरपालिका देत नाहीं. तें काम १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं परिवहन प्राधिकरणाकडे असतें. इंग्लंडांत मात्र, लंडन सोडल्यास, त्या त्या ठिकाणचें कौन्सिलच परवाना देतें. जी संस्था घरोघरचा कचरा उचलते तीच टॅक्सीवाल्याचें चारित्र्यहि तपासते. परवाने देणाऱ्या अशा संस्था तेथें अडीचशेंहून अधिक आहेत, आणि प्रत्येकीचे नियम थोडेफार निराळे आहेत. १९७६ च्या कायद्यानें त्यांच्या हातीं दोन मोठीं साधनें दिलीं. पहिलें असें कीं, चालक योग्य व लायक मनुष्य आहे अशी खात्री पटल्यावांचून त्यास परवाना द्यावयाचा नाहीं. दुसरें असें कीं, गाडीच्या परवान्यास अटी जोडतां येतात. परंतु अट मनास येईल तशी घालतां येत नाहीं. ती वाजवी रीतीनें आवश्यक असली पाहिजे. आणि ज्यास ती जाचक वाटेल त्यास मॅजिस्ट्रेटच्या कोर्टांत दाद मागतां येते. कॅमेऱ्याच्या पुढील सर्व कथेंत हाच प्रश्न पुन्हां पुन्हां येतो : अट आवश्यक आहे काय, आणि असल्यास किती?

प्रथम हें यंत्र कसें असतें तें पाहूं. आरशाजवळ किंवा छताशीं एक-दोन बारीक भिंगें आणि आसनाखालीं किंवा सामानाच्या कप्प्यांत एक पेटी, एवढाच त्याचा पसारा. अंधारांतहि चित्र उमटावें म्हणून डोळ्यास न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा उपयोग केलेला असतो. चित्रें पेटींत सांठत जातात. ठरलेली मुदत संपली कीं जुन्या चित्रांवर नवीं चित्रें चढतात आणि जुनीं पुसलीं जातात. पुष्कळ ठिकाणीं ही मुदत महिनाभराच्या आसपास असते. चांगल्या पद्धतींत पेटींतील मजकूर सांकेतिक रूपांत कुलूपबंद असतो, आणि तें कुलूप उघडण्याची किल्ली चालकाजवळ नसते. तक्रार आली म्हणजे कौन्सिलचा अधिकारी किंवा पोलीस पेटी उघडून तेवढ्या वेळेपुरता भाग काढून घेतो. कोणी मनुष्य दिवसभर पडद्यासमोर बसून उतारूंची ये-जा न्याहाळीत असतो, असा प्रकार तेथें नाहीं.

या पेटीचा उपयोग उघड आहे. मध्यरात्रीं दारू पिऊन गाडींत बसलेला उतारू, भाड्यावरून झालेली हमरीतुमरी, कातडीच्या रंगावरून केलेली शिवीगाळ, यांस ब्रिटनमधील टॅक्सीवाल्यास तोंड द्यावें लागतें. तेथील अनेक शहरांत या धंद्यांत पाकिस्तान, बांगलादेश व भारत या देशांतून गेलेल्या कुटुंबांतील लोक पुष्कळ आहेत. अशा मनुष्यावर खोटा आरोप झाला, तर त्याच्या बाजूस त्याच्या शब्दावांचून दुसरें कांहींच नसतें, आणि परवाना गेला कीं घरची चूल विझते. पेटींतील चित्र त्याचा पक्ष मांडूं शकतें. उतारूसहि तोच आधार. चालकानें अतिप्रसंग केला तर त्याची साक्ष देणारें कोणी तरी गाडींत आहे, आणि चालकास तें ठाऊक आहे, या जाणिवेनें पुष्कळसे प्रसंग टळतात. सारांश, कॅमेरा चालकाविरुद्ध आहे किंवा उतारूविरुद्ध आहे, असें म्हणणें बरोबर नव्हे. तो दोघांचाहि मित्र होऊं शकतो. पण मित्रानेंहि कोठें थांबावें याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा साउदॅम्प्टन येथें कसोटीस लागली.

साउदॅम्प्टन हें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बंदराचें शहर. तेथील कौन्सिलनें २००९ सालीं ठरविलें कीं, टॅक्सी व खासगी भाड्याच्या गाड्या यांच्या परवान्यास कॅमेऱ्याची अट जोडावी, आणि त्या यंत्रानें चित्राबरोबर आवाजहि टिपावा. आवाज टिपावयाचा तो वाद झाला असतां किंवा कोणी कळ दाबली असतां नव्हे, तर सतत. गाडींत कोणीहि बसो, कांहींहि बोलो, त्याचा शब्द पेटींत जावयाचा. कौन्सिलचा हेतु वाईट नव्हता. चालकांवर होणारे हल्ले थांबावेत, उतारूंचें रक्षण व्हावें, तक्रारींचा निकाल पुराव्यानें लागावा, हाच तो हेतु होता. मजकूर कुलूपबंद राहणार होता आणि प्रसंग पडल्यावांचून कोणी तो ऐकणार नव्हतें.

व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठीं ब्रिटनमध्यें नेमलेल्या माहिती-आयुक्तांकडे हें प्रकरण गेलें. जुलै २०१२ मध्यें आयुक्तांनीं कौन्सिलवर नोटीस बजावली कीं, सतत चालणारें हें ध्वनिमुद्रण बंद करावें. चित्रें घेण्यास त्या नोटिशीची हरकत नव्हती; हरकत होती ती आवाजास. कौन्सिल न्यायाधिकरणाकडे गेलें. फेब्रुवारी २०१३ मध्यें न्यायाधिकरणानें कौन्सिलचें अपील फेटाळलें. सार्वजनिक सुरक्षितता हा हेतु रास्त आहे, हें त्यानें मान्य केलें. परंतु हेतु रास्त असला म्हणजे साधन रास्त ठरतेंच असें नाहीं. क्वचित् घडणाऱ्या गुन्ह्याचा पुरावा मिळावा म्हणून हजारों निरपराध उतारूंचें सर्व संभाषण सांठवून ठेवणें हें प्रमाणाबाहेर आहे. चित्रांमुळें जें साधतें त्यांत सततच्या ध्वनिमुद्रणानें पडणारी भर लहान, आणि खासगी जीवनांत होणारा शिरकाव मोठा, असा त्या निकालाचा आशय होता. युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमानें खासगी जीवनाच्या आदराचा जो हक्क दिला आहे, त्याच्याशीं हें मोजमाप ताडून पाहिलें गेलें.

चित्र चालतें, मग आवाज कां चालूं नये, असें येथें कोणीहि विचारील. या प्रश्नाचें उत्तर टॅक्सींतील नेहमींच्या प्रवासांतच सांपडतें. गाडींत बसलेल्या मनुष्याचें रूप तसेंहि लपलेलें नसतें. सिग्नलपाशीं गाडी थांबली कीं फुटपाथवरचा कोणीहि कांचेंतून त्याला पाहूं शकतो. कॅमेरा जें पाहतो तें रस्त्यानें जाणारा मनुष्यहि थोडेंफार पाहतच असतो. परंतु कांच लावलेल्या गाडींतील बोलणें रस्त्यावरच्या कोणास ऐकूं जात नाहीं, आणि तें जाणार नाहीं अशा विश्वासानेंच माणसें बोलत असतात. दवाखान्यांतून परततांना मुलगी दूरध्वनीवरून भावाला सांगते कीं, आईचा आजार बरा होण्यासारखा नाहीं. वकील आपल्या अशिलाला उद्यांच्या साक्षीविषयीं विचारतो. नवरा-बायको घरीं मुलांदेखत न काढलेलें भांडण येथें काढतात. व्यापारी आपल्या अडचणीचा आंकडा भागीदाराच्या कानांत सांगतो. शरीर कोठें बसलें आहे एवढेंच चित्र सांगतें. मनांत काय चाललें आहे तें आवाज सांगतो. आणि एकदां असा सांठा तयार झाला, कीं ज्या कामासाठीं तो केला त्याच कामापुरता तो राहील याची शाश्वती कोण देणार? आज गुन्ह्याच्या तपासासाठीं उघडलेली पेटी उद्यां कौटुंबिक दाव्यासाठीं, परवां राजकीय प्रतिस्पर्ध्याचें गुपित काढण्यासाठीं उघडावीशी वाटेल. माहितीचा सांठा धान्याच्या कोठारासारखा आहे. कोठार भरलें कीं घुशी आपोआप येतात.

तथापि दुसरी बाजूहि आहे, आणि ती खरी आहे. चित्र मुकें असतें. धमकी चित्रांत दिसत नाहीं. चालकानें मागें न वळतां, हात चाकावर ठेवून, एखाद्या मुलीशीं अश्लील भाषण केलें, तर चित्रांत केवळ गाडी चालविणारा एक मनुष्य दिसेल. उतारूनें शांत चेहऱ्यानें चालकाच्या जातीचा व धर्माचा उद्धार केला, तरी चित्रांत कांहीं उमटणार नाहीं. आवाज सर्वथा वर्ज्य करावा, तर अशा प्रसंगीं दुबळ्या पक्षाजवळ पुरावा राहत नाहीं. म्हणून आवाज हवा कीं नको, असा प्रश्न करणेंच अपुरें आहे. आवाज केव्हां टिपावयाचा आणि कोणाच्या सांगण्यावरून, हा खरा प्रश्न होय. तो किती जिवावरचा आहे, हें साउदॅम्प्टनच्या निकालानंतर दीड वर्षानें दुसऱ्या एका गांवानें दाखवून दिलें.

रॉदरहॅम हें उत्तर इंग्लंडांतील, साउथ यॉर्कशायरमधील शहर. ऑगस्ट २०१४ मध्यें प्राध्यापिका ॲलेक्सिस जे यांचा चौकशी-अहवाल प्रसिद्ध झाला. १९९७ ते २०१३ या काळांत त्या शहरांत सुमारें चौदाशें मुलें लैंगिक शोषणास बळी पडलीं, असा त्यांचा अंदाज होता, आणि हा अंदाजहि हात राखूनच केलेला होता. या बळींत मुलींचा भरणा मोठा होता. या दुष्कृत्यांत टॅक्सीवाल्यांचा भाग ठळक होता, हें अहवालानें स्पष्ट नोंदविलें. मुलींना उचलून नेणें, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं पोंचविणें, यासाठीं गाड्यांचा उपयोग होत असे. फेब्रुवारी २०१५ मध्यें लुईज केसी यांनीं सरकारच्या आज्ञेनें केलेल्या तपासणीचा अहवाल आला. कौन्सिल आपलें काम करण्यास लायक नाहीं, असा स्वच्छ अभिप्राय त्यांनीं दिला. योग्य व लायक मनुष्यासच टॅक्सीचा परवाना मिळेल, अशी खबरदारी तेथें पुरेशी घेतली जात नव्हती, हाहि त्यांतील एक ठपका होता. कौन्सिलच्या कारभारी मंडळास पायउतार व्हावें लागलें, आणि सरकारनें आपले आयुक्त पाठवून कारभार हातीं घेतला.

या अहवालांतील सर्वांत दुःखद गोष्ट अशी कीं, हें कोणास ठाऊक नव्हतें असें नाहीं. मुलींनीं सांगितलें होतें. समाजसेविकांनीं सांगितलें होतें. २००२, २००३ व २००६ या सालांचे तीन अहवाल कौन्सिलच्या व पोलिसांच्या समोर आले होते. जे यांच्या म्हणण्याप्रमाणें त्यांपैकीं पहिला दडपला गेला, आणि पुढील दोहोंकडे दुर्लक्ष झालें. मुलींच्या सांगण्यावर विश्वास ठेवला गेला नाहीं. कांहींच्या बाबतींत तर दोष त्यांच्याच माथीं मारला गेला. ओळख पटलेल्या गुन्हेगारांत पाकिस्तानी वंशाच्या पुरुषांचा भरणा मोठा असल्यानें, उघड बोललें तर वंशद्वेषाचा शिक्का बसेल, ही भीतिहि कांहीं अधिकाऱ्यांच्या मनांत होती. या मौनानें त्या मुलींचा घात केलाच. पण सचोटीनें धंदा करणाऱ्या त्याच समाजांतील शेंकडों चालकांचेंहि नुकसान केलें. वेळींच मूठभरांस शिक्षा झाली असती, तर सर्वांकडे संशयानें पाहण्याची वेळ आली नसती.

साउदॅम्प्टन आणि रॉदरहॅम हीं दोन नांवें शेजारीं ठेवलीं म्हणजे या विषयाचें मर्म ध्यानांत येतें. एका कौन्सिलला प्रत्येक उतारूचा प्रत्येक शब्द टिपून ठेवावयाचा होता. दुसऱ्या कौन्सिलला समोर येऊन रडत सांगितलेलेंहि ऐकूं आलें नाहीं. पहिल्याच्या हातीं यंत्राचा कान होता. दुसऱ्याजवळ माणसाचा कान नव्हता. यंत्राच्या कानानें माणसाच्या कानाची उणीव भरून निघत नाहीं, ही गोष्ट कॅमेऱ्याचा पुरस्कार करणारांनीं प्रथम लक्षांत घ्यावयास हवी. कॅमेरा स्वतः तक्रार करीत नाहीं. रात्रीं बारा वाजतां एक लहान मुलगी एकटी गाडींतून कोठें तरी नेली जात आहे, एवढें तो नोंदवून ठेवील. पण ती पेटी उघडावी असें कोणास तरी वाटलें पाहिजे. शिवाय अत्याचार गाडींतच होतो असें नाहीं. पुष्कळदां गाडी केवळ तेथवर नेऊन पोंचविते. ज्या शहरांत तक्रारच कागदाखालीं जाते, तेथें महिनाभरानें पेटींतील चित्रेंहि पुसलीं जातात.

असें असूनहि रॉदरहॅमनें पुढें कॅमेऱ्याचा जो नियम केला तो विचारपूर्वक केला, हें सांगणें प्राप्त आहे. २०१५ सालच्या नव्या धोरणानें तेथील गाड्यांत कॅमेरा सक्तीचा झाला. परंतु आवाजाचा नियम चित्राहून निराळा ठेवला गेला. अल्पवयीन मूल किंवा दुर्बल मनुष्य सोबतीवांचून गाडींत असेल, अथवा वाद उद्भवला असेल, अशा वेळीं आवाज टिपावयाचा, एरवीं नाहीं. कांहीं चालकांनीं यावर नाराजी व्यक्त केली. आपण सर्वच गुन्हेगार आहों काय, हा त्यांचा सवाल मनास लागणारा होता. परंतु जेथें लोकांचा विश्वास एवढा खोल तुटला होता, तेथें तो पुन्हां जोडण्यास चालकांसहि एखाद्या साक्षीदाराची गरज होती. साउदॅम्प्टनमध्यें जी अट प्रमाणाबाहेर ठरली, तिचेंच आंखूड रूप रॉदरहॅममध्यें आवश्यक ठरलें. परिस्थिति बदलली कीं आवश्यकतेचें माप बदलतें. वाजवी या शब्दाचा अर्थ तोच.

पुढें सरकारनें हाच धडा सर्व देशासाठीं लिहून काढला. २०१७ च्या एका कायद्यान्वयें जुलै २०२० मध्यें ब्रिटनच्या वाहतूक खात्यानें टॅक्सींच्या परवान्याविषयीं मानकें प्रसिद्ध केलीं. त्यांत कॅमेरा सर्वत्र सक्तीचा केला नाहीं, आणि सर्वत्र वर्ज्यहि केला नाहीं. प्रत्येक कौन्सिलनें लोकांचा सल्ला घ्यावा. आपल्या गांवच्या परिस्थितींत कॅमेऱ्यानें उतारूंची सुरक्षितता वाढेल कीं घटेल याचा विचार करावा. आणि खासगी जीवनाचा प्रश्न त्याच तराजूंत घालावा, असें सांगितलें. आवाजाविषयींचा सल्ला असा कीं, तो सतत चालूं नये. चालकास व उतारूस स्वतंत्रपणें सुरू करतां यावा अशी कळ असावी. आणि गाडींत यंत्र आहे हें उतारूस दिसेल अशी पाटी असावी. उतारूच्या हातीं कळ देण्याची ही कल्पना साधी असली तरी तींत मोठें तत्त्व आहे. आपलें रक्षण केव्हां हवें हें ज्याचें रक्षण करावयाचें त्यानेंच ठरवावें, तें दुसऱ्यानें त्याच्यावर लादूं नये, असा तिचा अर्थ आहे.

त्याच मानकांतील दुसरी एक सूचना गाडीवाल्याच्या संसाराची जाणीव ठेवून केलेली आहे. पुष्कळ चालकांची भाड्याची गाडी हीच घरची गाडीहि असते. आठवडाभर उतारू नेणारी मोटार रविवारीं मुलांना आजोळीं घेऊन जाते. त्या वेळीं कॅमेरा चालूच राहिला, तर कौन्सिलनें त्या मनुष्याच्या धंद्यावर नव्हे तर कुटुंबावर नजर ठेवली असें होईल. म्हणून गाडी भाड्यावर नसतांना चित्र व आवाज दोन्ही बंद करतां यावीत, असें तेथें म्हटलें आहे. परवाना धंद्याचा असतो, मनुष्याच्या संपूर्ण आयुष्याचा नसतो, हें लक्षांत ठेवणारा नियमच लोकांच्या आदरास पात्र होतो. खर्चाचीहि बाब आहे. चांगल्या यंत्रास कांहीं शें पौंड पडतात, आणि कौन्सिलनें मदत केली नाहीं तर तो भार दिवसाच्या कमाईवर जगणाऱ्या चालकावरच पडतो. सार्वजनिक हिताचें ओझें एकाच खांद्यावर देणें कितपत न्याय्य आहे, याचाहि विचार नियम करणारांनीं करावयास हवा.

इतकें करूनहि एक मोठें भगदाड राहून गेलें. कौन्सिलचा नियम त्या कौन्सिलनें दिलेल्या परवान्यापुरताच चालतो. गाडी मात्र वेशीपाशीं थांबत नाहीं. खासगी भाड्याच्या गाडीचा परवाना एका गांवीं काढून दुसऱ्या गांवीं धंदा करणें पूर्वींपासून शक्य होतें. २०१५ च्या एका कायद्यानें एका कौन्सिलच्या परवान्यावरील गाडी-कंपनीस आलेलें काम दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दींतील कंपनीस सोंपवितां येऊं लागलें, आणि मोबाइल टेलिफोनवरून गाडी मागविण्याची पद्धत वाढली, तशी ही वहिवाट फार पसरली. वुल्वरहॅम्प्टन शहराच्या कौन्सिलचा परवाना काढून इंग्लंडच्या दूरदूरच्या गांवीं धंदा करणारे चालक मोठ्या संख्येनें दिसूं लागले. ज्या गांवानें कडक नियम करून कॅमेरे बसविले, त्याच गांवच्या रस्त्यांवर दुसरीकडच्या परवान्याची, कॅमेरा नसलेली गाडी राजरोस फिरूं शकते. उतारूस तर दोहोंतील भेद कळतहि नाहीं. जून २०२५ मध्यें बॅरोनेस केसी यांनीं मुलांच्या सामूहिक लैंगिक शोषणासंबंधीं जो राष्ट्रीय अहवाल सादर केला, त्यांत परक्या हद्दींत चालणाऱ्या टॅक्सींच्या या मोकळिकीस आळा घालावा, अशी शिफारस त्यांनीं केली. रॉदरहॅमच्या तपासणीनंतर दहा वर्षांनीं त्याच व्यक्तीस टॅक्सीच्या परवान्याकडेच पुन्हां बोट दाखवावें लागलें. स्थानिक स्वराज्य ही चांगली वस्तु खरी. परंतु जेथें रक्षणाचा प्रश्न आहे तेथें नियमांची किमान पातळी सर्वत्र एक असावी लागते, नाहीं तर पाणी सखल जागींच वाहत जातें.

या सर्व अनुभवाचें सार काढावयाचें झालें, तर असें म्हणतां येईल कीं, कॅमेऱ्याचा चांगुलपणा त्याच्या भिंगांत नसतो, त्याच्या नियमांत असतो. तें यंत्र केव्हां चालतें आणि केव्हां थांबतें? तें काय पाहतें आणि काय ऐकत नाहीं? पेटीची किल्ली कोणाजवळ आहे, आणि किल्ली वापरणारानें आपलें नांव कोठें लिहून ठेवलें आहे? सांठलेला मजकूर कोणत्या दिवशीं नाहींसा होतो? या प्रश्नांचीं उत्तरें लेखी, उघड व सर्वांस ठाऊक असलीं, तर तोच कॅमेरा साक्षीदार होतो. तीं नसलीं, तर तोच हेर होतो. साक्षीदार आणि हेर यांच्या डोळ्यांत फरक नसतो. फरक असतो तो त्यांचा धनी कोण व त्यास जाब कोण विचारतो, यांत.

भारतांतहि हा विचार परका राहिलेला नाहीं. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खासगी जीवनाचा हक्क हा राज्यघटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला. त्यावर मर्यादा घालावयाची असेल तर तिला कायद्याचा आधार हवा, हेतु रास्त हवा, आणि साधन हेतूच्या प्रमाणांत हवें, असें सूत्र त्या निर्णयांतून निघालें. साउदॅम्प्टनच्या टॅक्सींत ज्या मापानें मोजणी झाली, तें हेंच माप आहे.

माप हातीं असलें तरी मोजण्याचें काम माणसालाच करावें लागतें. परवाना देतांना अर्जदाराचें चारित्र्य नीट पाहणें, एकाच चालकाविरुद्ध दोन तक्रारी आल्या तर त्या एकत्र वाचणें, घाबरलेल्या मुलीस खुर्चीवर बसवून तिचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकणें आणि तिच्या शब्दास मोठ्यांच्या शब्दाइतकेंच वजन देणें, हीं कामें कोणत्याहि पेटीस येत नाहींत. तीं करणारें कौन्सिल असेल तर गाडींतील कॅमेरा त्याचा चांगला मदतनीस होईल. तीं न करणाऱ्या कौन्सिलनें गाडीगाडींत दहा डोळे बसविले, तरी रात्रीं स्टेशनावरून एकटी घरीं जाणारी मुलगी तितकीच एकटी राहील.